रोहिणीच्या पाण्याचा पाचवा पंच

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उद्भवलेल्या तंट्याचा भाग त्या रविवारी आमच्या वाट्याला आला. आम्ही वाचला, सिद्धार्थाच्या गृहत्यागावर नेहमीप्रमाणे चार शब्द बोललो. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घर सोडतो ही कथा बाबासाहेबांच्या बुद्धीला का पटली नाही, तेही सांगितले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे कोण मानेल? सर्वांनी माना डोलावल्या. वाचन संपले आणि मागच्या रांगेतल्या एक आजी उठून म्हणाल्या, "वकीलसाहेब, सिद्धार्थ तर गेले घर सोडून. मग त्या पाण्याचं काय झालं? वाटून घेतलं का त्यांनी?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. वीस वर्षे हा ग्रंथ वाचतो, त्यावर भाषणे करतो, आणि पाण्याचे काय झाले हे आम्ही कधी नीट पाहिलेच नव्हते! गृहत्यागापाशी आलो की आमचे लक्ष पुढे बोधिवृक्षाकडे लागते. घरी येऊन पुन्हा ग्रंथ उघडला आणि या वेळी वकिलाच्या नजरेने वाचला.

प्रसंग असा आहे. शाक्य आणि कोलीय या दोन गणराज्यांच्या मधून रोहिणी वाहत होती. दोघांची शेती तिच्याच पाण्यावर. आधी पाणी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून दर हंगामात कुरबूर व्हायची. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना दोन्हीकडच्या सेवकांत मोठी मारामारी झाली, माणसे जखमी झाली. बाबासाहेबांनी येथे सेवक हा शब्द वापरला आहे, तो वाचकांनी लक्षात ठेवावा. शेत मालकाचे, पाणी मालकाचे, डोके फुटले ते सेवकाचे. सेनापतीने संघाची सभा बोलावली आणि युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ आठ वर्षांपासून त्या संघाचा सभासद होता. त्याने उभे राहून विरोध केला. आगळीक आधी कोणी केली याची चौकशी करा, आपलीही माणसे निर्दोष नाहीत असे ऐकतो, हे त्याने भर सभेत आपल्याच लोकांना सांगितले. मग त्याने रीतसर उपसूचना मांडली. आपण आपले दोन माणसे निवडू, कोलीयांनी त्यांचे दोन निवडावेत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा.

उपसूचनेला अनुमोदन मिळाले, मतदान झाले आणि ती प्रचंड बहुमताने फेटाळली गेली. युद्धाचा ठराव तितक्याच मोठ्या बहुमताने मंजूर झाला. पुढे सैन्यभरतीचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थाने शस्त्र हाती घेण्यास नकार दिला. सेनापतीने धमकी दिली की संघ तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकील आणि जमीन जप्त करील. बहिष्कार आणि जमीन! या दोन शब्दांचा अर्थ आमच्या वाचकांना शब्दकोशात शोधावा लागत नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. सिद्धार्थाने कुटुंबाला वाचवले आणि शिक्षा स्वतःवर घेतली, परिव्राजक झाला.

आता आजींचा प्रश्न. पुढे राजगृहाला पाच परिव्राजक सिद्धार्थाला भेटतात आणि गावाकडची बातमी सांगतात. तो गेल्यावर शाक्यांमध्ये युद्धाविरुद्ध चळवळ उठली, बायका-पुरुष, मुले-मुली मिरवणुका काढून रस्त्यावर आली. संघाला आपला ठराव पुन्हा विचारात घ्यावा लागला. या वेळी बहुमत तडजोडीच्या बाजूने पडले. शाक्यांनी पाच प्रतिनिधी पाठवले, कोलीयांनीही पाच नेमले. दोघांनी मिळून ठरवले की एक कायमचे लवाद मंडळ असावे, रोहिणीच्या पाण्याचा प्रत्येक तंटा त्यापुढे जावा आणि त्याचा निर्णय दोघांवर बंधनकारक असावा. म्हणजे जी उपसूचना सभेत पडली होती, ती लोकांच्या रेट्याने कायमची संस्था होऊन परत आली. गृहत्यागाच्या तेजात ही ओळ आमच्या नजरेआड झाली होती, एवढाच आमचा अपराध!

जागतिक शांततेवर आपल्याकडे बोलणे फार होते. बुद्धपौर्णिमेला पांढरी कबुतरे उडतात, परदेशी पाहुण्यांच्या गळ्यात हार पडतात, युद्ध नको बुद्ध हवा असे फलक लागतात. आमचा त्याला विरोध नाही. पण तथागतांनी मांडलेला शांततेचा प्रस्ताव ही प्रार्थना नव्हती. त्यात पंचांची संख्या होती, नेमण्याची रीत होती आणि निर्णय पाळण्याची अट होती. ज्याला यातले काही नको असते, तो फक्त शांततेचे गाणे म्हणतो.

आता आपल्या काळात येऊ. फाळणीच्या वेळी मालमत्तेच्या वाटपाचे तंटे सोडवण्यासाठी एक लवाद न्यायाधिकरण नेमले होते. त्याची मुदत ३१ मार्च १९४८ ला संपली. पूर्व पंजाब आणि पश्चिम पंजाब यांच्यात कालव्यांच्या पाण्याची जैसे थे व्यवस्था होती, तीही त्याच दिवशी संपली. दुसऱ्या दिवशी, १ एप्रिल १९४८ ला, पूर्व पंजाबने पलीकडे जाणाऱ्या कालव्यांचे पाणी बंद केले. पंच उठले आणि पाटाचे दार पडले. मधे एक दिवसही गेला नाही. मे महिन्यात दिल्लीत तात्पुरता समझोता झाला आणि पाणी पुन्हा सुटले, पण शेतकऱ्यांच्या मनात बसलेली भीती गेली नाही. त्यानंतर जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९५२ पासून आठ वर्षे बोलणी चालली. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंतप्रधान नेहरू आणि अध्यक्ष अयुब खान यांनी सिंधू पाणी करारावर सह्या केल्या. रावी, बियास, सतलज या पूर्वेकडच्या नद्या भारताला आणि सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडच्या पाकिस्तानला. पश्चिमेकडच्या नद्यांवर भारताला पिण्यासाठी, ठरावीक शेतीसाठी आणि पाणी न अडवता वीज काढण्यासाठी मुभा राहिली. पाकिस्तानला नवे जोडकालवे बांधावे लागणार म्हणून भारताने सुमारे ६ कोटी २० लाख पौंड दहा वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले. १९६५ साली दोन्ही सैन्ये एकमेकांवर तोफा डागत होती, त्या वर्षीचा हप्ताही चुकला नाही.

करार उघडून आम्ही थेट तंट्याच्या कलमांवर गेलो. वकिलाची खोड. दोन्ही देशांचा एकेक आयुक्त, दोघांचा मिळून कायमचा आयोग, वर्षातून निदान एक बैठक, एकमेकांच्या धरणांची पाहणी. तिथे मिटले नाही तर मुद्द्याच्या स्वरूपाप्रमाणे तटस्थ तज्ज्ञ किंवा लवाद न्यायालय. आणि हे न्यायालय कसे बनते? दोन पंच भारताचे, दोन पाकिस्तानचे आणि वरचे तीन तटस्थ. त्या तिघांत एक अध्यक्ष, एक अभियंता आणि एक आंतरराष्ट्रीय कायद्याचा जाणकार. आम्ही पुस्तक मिटून क्षणभर थांबलो. कराराच्या लेखकांनी बाबासाहेबांचा ग्रंथ वाचला होता असे आम्ही म्हणत नाही. दोघे तुमचे, दोघे आमचे आणि वर तिऱ्हाईत, ही रीत जगभरच्या लवादांत आहे. गावच्या चावडीवरही होती. पण शाक्यांच्या सभेत पडलेली ती उपसूचना विसाव्या शतकात दोन शत्रुराष्ट्रांनी लिहून मान्य केली, हे आमच्या विहारांत सांगितले जात नाही, ते सांगितले गेले पाहिजे.

ही व्यवस्था कागदावरच राहिली असे म्हणणाऱ्यांनी बगलिहार पाहावे. चिनाबवरच्या या धरणाला पाकिस्तानने हरकत घेतली. स्वित्झर्लंडचे अभियंते रेमंड लाफित यांनी २००७ साली निर्णय दिला. धरणाची उंची थोडी कमी करायला सांगितली, पण गाळ काढण्यासाठी दरवाजे ठेवण्याचा भारताचा मुद्दा उचलून धरला. किशनगंगेच्या तंट्यात लवाद न्यायालयाने २०१३ साली भारताला पाणी वळवण्याची परवानगी दिली आणि नदीत सेकंदाला किमान ९ घनमीटर पाणी सोडत राहण्याचे बंधन घातले. दोघेही थोडे जिंकले, थोडे हरले. दिवाणी कोर्टात ज्याने आयुष्य काढले त्याला ठाऊक असते की असाच निकाल टिकतो.

२०१६ पासून मात्र गाडे अडले. पुढच्या तंट्यात एकाने तटस्थ तज्ज्ञ मागितला, दुसऱ्याने न्यायालय. शेवटी २०२२ साली दोन्ही नेमले गेले आणि भारताने त्यातल्या न्यायालयावर बहिष्कार घातला. आयोगाची बैठक २०२२ च्या मे महिन्यात झाली, त्यानंतर ती परंपराही खंडली. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसांना ठार केले. दुसऱ्या दिवशी भारत सरकारने करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. मे महिन्यात चार दिवस क्षेपणास्त्रे चालली, १० मे रोजी ती थांबली. करार स्थगितच राहिला.

आमचे म्हणणे आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. पहलगामचे कृत्य अमानुष होते. मारेकऱ्यांना आणि त्यांना पोसणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. याबाबत जो 'पण' लावतो तो आमचा नव्हे. मात्र कायद्याचा विद्यार्थी म्हणून आम्हाला दिसते ते असे की या करारात स्थगिती हा शब्दच नाही. बारावे कलम सांगते की करार बदलायचा किंवा संपवायचा तर दोन्ही सरकारांनी दुसरा करार करूनच तो होईल. जून २०२५ मध्ये लवाद न्यायालयानेही, एका बाजूने स्थगिती दिली म्हणून आपला अधिकार जात नाही, असे म्हटले. भारताने ते नाकारले. करारात बदल नकोच असेही आम्ही म्हणत नाही. १९६० नंतर लोकसंख्या वाढली, हिमनद्या वितळू लागल्या. आपल्या दारातली नदी आपल्याला वापरता येत नाही ही जम्मू-काश्मीरच्या लोकांची तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. यासाठीच तर बैठक हवी! सिद्धार्थानेही कोलीयांना निर्दोष म्हटले नव्हते. चौकशी करा म्हटले होते.

आणि सेवकांचे काय?

आमच्या वकिलीच्या सुरुवातीच्या काळात विहिरीच्या पाण्याचा एक दावा आमच्याकडे होता. दोन सख्खे भाऊ, सामाईक विहीर, आठ-आठ आणे हिस्सा, सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद, पाळीचे वार ठरलेले. एकाने पाइप कापला, दुसऱ्याने मोटारीची केबल. मनाई हुकूम झाला, अपील झाले, फौजदारी झाली. साक्षीदारांच्या पिंजऱ्यात डोक्याला पट्टी बांधून उभे राहिले ते दोन्हीकडचे सालगडी, दोघेही आपल्याच समाजाचे. भाऊ पुढे मुलीच्या लग्नात एक झाले. सालगड्यांपैकी एकाचा हात कायमचा अधू राहिला. रोहिणीकाठी डोकी फुटली ती कोणाची, हे बाबासाहेबांनी उगाच लिहिले नाही.

सिंधूचे पाणी शेवटी सिंध प्रांतात उतरते. पाटाच्या टेलला, जिथे समुद्र जवळ आहे आणि कालव्यात पाणी उरत नाही, त्या बदीन, उमरकोट भागात जमीनदारांच्या शेतावर राबणारे हारी कोण आहेत? कोल्ही, मेघवाड, भिल्ल. फाळणीच्या वेळी जे मागे राहिले ते हे लोक. जातीची उतरंड त्यांच्याबरोबर तिथेच राहिली. कर्जापायी वेठबिगारीत पिढ्या गेल्या. लहानपणी अशीच वेठबिगारी भोगलेल्या कृष्णाकुमारी कोल्ही २०१८ साली पाकिस्तानच्या सिनेटवर निवडून आल्या, तेव्हा आमच्याही पत्रांनी ती बातमी आनंदाने छापली होती. दूरचित्रवाणीवरचे वीर एकेक थेंब अडवण्याची भाषा करतात. तो थेंब खरोखर अडलाच, तर इस्लामाबादच्या सेनापतीच्या नळाचे पाणी तुटणार नाही. तुटेल ते टेलच्या हाऱ्याचे. ज्या धर्माच्या नावाने येथे गर्जना होते, त्याच धर्माचे म्हणून त्याची तिथे नोंद आहे, हा त्यातला आणखी एक विनोद.

नदीच्या वरच्या अंगाला बसलेल्या देशाने आणखी एक हिशेब करावा. सिंधूवर आपण वर आहोत, ब्रह्मपुत्रेवर खाली. तिबेटमध्ये तिच्या वरच्या प्रवाहावर चीनने जुलै २०२५ मध्ये अवाढव्य धरणाचे काम सुरू केले. उद्या आसामच्या शेतकऱ्यासाठी दिल्लीने बीजिंगकडे नियमाचा आग्रह धरायचा तर कोणता नियम दाखवायचा? आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९९७ साली मंजूर केला तेव्हा चीनने विरोधात मत दिले आणि भारत तटस्थ राहिला. गंगेच्या पाण्याचा बांगलादेशाशी झालेला करार १९९६ चा, तीस वर्षांचा. त्याची मुदत डिसेंबर २०२६ ची. तिस्तेचा करार २०११ मध्ये सहीपर्यंत येऊन राहून गेला. आणि मूळ रोहिणी? ती आजही नेपाळच्या तराईतून येऊन गोरखपूरला राप्तीस मिळते. शाक्य-कोलीयांची नदी आज दोन देशांची नदी आहे!

जगात याहून पुढे गेलेली माणसे आहेत. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ साली एक संस्था उभारली. मालीच्या भूमीवरचे मानंताली धरण एकट्या मालीचे नाही, ते सभासद देशांच्या सामाईक मालकीचे आहे. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्यात रक्तपात झाला, सीमा बंद झाल्या, तरी नदीची संस्था मोडली नाही. ही गरीब देशांची गोष्ट आहे. आम्ही विश्वगुरू म्हणवतो.

खुद्द बाबासाहेबांचे या विषयातले काम आपण किती सांगतो? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची आणि केंद्रीय जल आयोगाची पायाभरणी त्यांच्या हातून झाली. नदी प्रांतांच्या सीमा मानत नाही, तिचा विचार खोरे म्हणून करावा लागतो, ही त्यांची दृष्टी. पुढे घटनेत आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी २६२ वे कलम आले, १९५६ चा कायदा आला, कृष्णा आणि गोदावरीचे लवाद झाले. महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात कृष्णेवरून शिव्याशाप झाले, बंदुका निघाल्या नाहीत, याचे बरेचसे श्रेय त्या कलमाकडे जाते.

पण बाबासाहेब लवादापाशी थांबले नाहीत, हेही ग्रंथातच आहे. शांततेची बातमी आणणाऱ्या परिव्राजकांनी सिद्धार्थाला परत चला म्हटले तेव्हा तो विचारात पडतो. युद्ध मिटले खरे, पण राष्ट्रांमधला संघर्ष अधूनमधून होतो आणि वर्गावर्गांमधला अखंड चालतो, याचे मूळ शोधायला हवे, म्हणून तो परत फिरत नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे आमचे पूर्वज हेच सांगत होते. त्या तळ्याचा दिवाणी दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली निकाली निघाला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे! दोन सरकारांनी नदी वाटली म्हणजे पाणी सालगड्यापर्यंत पोहोचले असे होत नाही. सिंधू आयोगाच्या दोन खुर्च्यांवर आजवर अभियंते आणि अधिकारी बसले. टेलचा हारी, जम्मूचा अल्पभूधारक, पंजाबातला भूमिहीन दलित मजूर यांना तिथे कधी कोणी विचारले का? करार नव्याने लिहायचा असेल तर तो विचारण्याची कलमे त्यात घालून लिहा, अशी मागणी करणारे कोणी असेल तर ते आपणच असायला हवे. दोन्ही देशांतल्या दलित-बहुजन कार्यकर्त्यांनी, वकिलांनी एकमेकांना पत्रे लिहायला काय हरकत आहे? व्हिसा मिळत नसेल, पण टपाल तरी कधी सुरू होईलच. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या त्यांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. ओळख नव्हती, तरी उत्तर आले.

पुढच्या रविवारी आम्ही विहारात आजींना पाच परिव्राजकांची बातमी वाचून दाखवली. कायमचे मंडळ नेमले, निर्णय दोघांनी मानायचा ठरला, असे सांगितले. आजी मराठवाड्यातल्या एका कालव्याच्या शेवटच्या गावच्या. तिथे पाटकरी दार उघडतो तेव्हा वरच्या चाऱ्यांची शेते भिजतात आणि यांच्या चारीला चिखल येतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या पाचांत राबणाऱ्यांपैकी कोण होतं?"

ग्रंथात त्याची नोंद नाही, असे आम्ही सांगितले.